रसद आधी पोचली पाहिजे

कोलकात्याहून बोलतोय.

फौजेत भरतीला पोरगा आला की उंची, छाती, वजन मोजून नोंद होते. अशाच नोंदींनी डॉक्टरांना एक धडा दिला. 1944-45च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सचा अन्नपुरवठा रोखला. उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेली मुलं 19व्या वर्षी सैन्याच्या तपासणीला आली. तीन लाख तरुणांच्या नोंदींचा अभ्यास 1976मध्ये छापून आला. गरोदरपणाच्या पूर्वार्धात ज्यांच्या आया उपाशी होत्या, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त निघाला!

आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993पासून सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांच्यात कमी होते ते स्नायू. चरबी टिकून होती.

दुसरी बाजू साखरेची. आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचंच इन्सुलिन वाढवतं आणि चरबी साठते.

आपलं डोहाळजेवण, तसं इथं बंगाल्यांचं 'शाध'. कौतुक जरूर करा. पण पहिल्याच तपासणीत आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत साखर बघा. सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं जेवणाऱ्या सुनेला दिवस जाण्याआधीपासून पोटभर, चौरस जेवू द्या. रसद लढाईच्या आधी पोचवावी लागते. आणि उद्या नातू जाड झाला, तर एकट्या आईला बोल लावू नका.

जय हिंद.