चारा, हवा आणि दाब

आपल्या देशात एकीकडे पंजाब-हरियाणातील शेतांत भाताचा पेंढा जाळला जातो, आणि दुसरीकडे कोरडवाहू मुलुखातला शेतकरी चाऱ्यावाचून दावणीचे जनावर बाजारात नेतो. या विसंगतीची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक निव्वळ भौतिक स्वरूपाचे आहे. त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

एक घनमीटर मोकळ्या पेंढ्याचे वजन साधारणतः ५० किलोग्रॅम भरते. म्हणजे १० टन पेंढ्याला २०० घनमीटर जागा हवी. गाडी वजनाने भरण्यापूर्वीच आकारमानाने भरते, आणि आपण चाऱ्याच्या नावाखाली बव्हंशी हवाच वाहून नेतो. तोच चारा दळून, दाबून त्याच्या गोळ्या केल्या, तर एका घनमीटरात सुमारे ६०० किलोग्रॅम मावतात. १० टनांना १७ घनमीटर पुरतात.

दाबाखाली काय घडते? प्रथम कण एकमेकांवरून सरकतात व पोकळ्या भरतात. मग ते वाकतात, चेपतात, एकमेकांत गुंततात. उष्णता व ओलावा यांमुळे काड्यांतील लिग्निन मऊ होते आणि निवताना कणांना सांधते. दाब काढताच गोळी थोडी फुगते. दाब काही क्षण टिकवून धरला, तर हे फुगणे कमी होते. ओलावा शेकडा १० च्या आसपास असावा. फार कोरडा चारा भुरभुरतो. फार ओला नीट बसत नाही व पुढे त्यास बुरशी धरते. लसूणघास प्रथिनांमुळे सहज बांधली जाते. पेंढ्याची मेणचट साल मात्र बांधणीस अडथळा करते.

तर मग चारा पिठासारखा दळावा काय? यंत्राच्या दृष्टीने गोळी भक्कम होईल. परंतु दळण्याची ऊर्जा वाढेल, आणि गाय रवंथ कमी करील. रवंथ घटले की लाळ घटते, पोटातील आम्लता वाढते व दुधातील स्निग्धांश उतरतो. म्हणून दुभत्या जनावरांसाठी कुट्टी, पेंड व मळी एकत्र दाबून केलेल्या विटा अधिक श्रेयस्कर होत. त्यांची घनता गोळ्यांहून कमी असते, पण तंतूची लांबी टिकते.

घनता किती साधली, हे तराजू सांगेल. ती किती साधावी, हे मात्र रवंथ करणाऱ्या जनावरालाच विचारले पाहिजे.