हर्बल आहे ना, मग टेस्टिंग कशाला?

इअरफोन लावलेत? आजचा विषय थेट आपल्या घरातला. मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेली शुगरची पावडर. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य!’ आणि खाली आपल्या बाबांचा अंगठा.

पण ही पावडर तपासायची म्हणजे नक्की काय बघायचं?

पहिलं, वनस्पती तीच आहे का? २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला त्रास झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालय म्हणालं, आधी ती गुळवेलच होती का ते सांगा, तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही असतात. वाद बाजूला ठेवा. ओळख पटवणं हीसुद्धा टेस्टच आहे, एवढं तरी कळलं ना?

दुसरं, शिसं, पारा, आर्सेनिक. २००४ साली बॉस्टन भागातल्या दुकानांमधली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर १४ मध्ये यातलं काही ना काही सापडलं.

तिसरं सगळ्यात डेंजर. चोरून घातलेली ॲलोपॅथीची गोळी. २००० साली कॅलिफोर्नियात शुगरवरच्या काही चिनी ‘हर्बल’ कॅप्सूल परत मागवल्या. आत निघालं ग्लायब्युराइड, आणि अमेरिकेत कधीच बंद झालेलं फेनफॉर्मिन! म्हणजे शुगर खरंच उतरत होती, पण पाल्याने नाही.

आता आपल्याकडचा नियम. ग्रंथात दिल्याप्रमाणेच बनवलेल्या आयुर्वेदिक औषधाला लायसन्स देताना साधारणपणे वेगळा सुरक्षा अभ्यास मागत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हाच आधार. ठीक आहे. पण ग्रंथ लिहिले तेव्हा कोणी सोबत ग्लिमेपिराइड घेत नव्हतं! बाबा दोन्ही घेतात. दोघांनी मिळून शुगर खाली ओढली, की घाम, थरथर, चक्कर. रात्री झोपेत झालं तर कळणारही नाही.

म्हणून आज एवढंच करा. डबीच्या लेबलचा फोटो काढा, लायसन्स नंबर आहे का बघा आणि तो फोटो बाबांच्या डॉक्टरांना दाखवा. ‘डायबेटिस कायमचा बरा’ अशी जाहिरात असेल तर सरळ लांब राहा. १९५४ च्या कायद्याने तसा दावा करायला बंदी आहे. आणि हो, चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू देऊ नका.

मावशीशी भांडू नका हं. तिने काळजीपोटीच पाठवलंय. तिला हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या भागात!