टपालहंशील आणि अपशब्द

फुकट मिळणाऱ्या वस्तूची मनुष्य उधळपट्टी करतो. संदेश धाडण्यास हल्लीं जवळजवळ कांहींच पडत नाहीं, म्हणून शिवीगाळ माजली. प्रत्येक संदेशावर अल्प शुल्क बसविलें कीं ती आपोआप ओसरेल, असें प्रतिपादन अधूनमधून ऐकूं येतें. श्रोतेहो, या प्रश्नाचें उत्तर टपालाच्या इतिहासांत बरेंचसें सांपडतें.

१८४० पूर्वीं इंग्लंडांत पत्राचें हंशील बहुधा घेणारा भरीत असे. कोणास छळावयाचें असल्यास त्याच्या नांवें पत्र टाकावें, म्हणजे अपमान त्याचा आणि भुर्दंडही त्याचाच! रोलंड हिल यांनीं १८३७ मध्यें आपली सुधारणा मांडली, आणि १८४० पासून अर्ध्या औंसाच्या पत्रास देशभर एक पेनी हा दर सुरू झाला. आगाऊ न भरल्यास दुप्पट. बोजा धाडणाऱ्याकडे सरकला. मग अपशब्दांचीं पत्रें बंद झालीं काय? मुळींच नाहीं. व्हॅलेंटाइनच्या दिवशीं कुचेष्टेचीं चित्रें आणि बोचरीं कवनें छापलेलीं स्वस्त पत्रें निनांवी धाडण्याची चाल एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-अमेरिकेंत चांगलीच फोफावली. ज्याच्या पोटांत द्वेष, त्याला पेनी जड वाटली नाहीं. हिंदुस्थानांत १८७९ मध्यें पाव आण्याचें कार्ड निघालें. पुढें १८९८ च्या टपाल कायद्यांत, अश्लील, धमकीचा किंवा घोर अपमानकारक मजकूर वर लिहिलेल्या टपालास बंदी करणारें कलम घालावेंच लागलें. तिकिटानें भागलें असतें, तर कलम कशाला?

तिकिटाचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. कार्ड आणणें, दौत-टांक काढणें, पेटीपर्यंत चालत जाणें. तेवढ्यांत पुष्कळांचा राग निवत असे. पण हा गुण पैशाचा नव्हे, विलंबाचा.

शुल्काचा अंकुश खरा चालतो तो घाऊक उपद्रवावर. दर संदेशास पन्नास पैसे धरले, तर लाख संदेशांस पन्नास हजार रुपये होतात, आणि जाहिरातदार दचकतो. भारताच्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०१२ मध्यें, दिवसाला शंभरांपलीकडील प्रत्येक लघुसंदेशास किमान पन्नास पैसे आकारावे, असा नियम केला तो याच हिशेबानें. २०२० मध्यें, नवीं तांत्रिक साधनें हातीं आल्यावर, तो मागें घेतला. परंतु शिवी देणाऱ्याला लाख संदेश लागत नाहींत, एकच पुरतो. पन्नास पैशांत त्याची करमणूक होते. शुल्क सरसकट बसविलें, तर तें खुपेल गांवाकडे निरोप धाडणाऱ्या मजुराला.

२००४ च्या सुमारास बिल गेट्स यांनीं निराळी युक्ति सुचविली होती: धाडणाऱ्यानें रक्कम पणास लावावी, आणि घेणाऱ्यास पत्र नकोसें वाटलें तरच ती वसूल व्हावी. कल्पना चतुर खरी. पण निवाडा घेणाऱ्याच्या हातीं दिला, तर भाडें थकविणारें कूळ घरमालकाच्या मागणीपत्रासही अपमान ठरवील. तिसऱ्याच्या हातीं दिला, तर दर टीकेमागें एक पंचायत बसवावी लागेल.

ऑक्टोबर २०२३ मध्यें एक्स या कंपनीनें न्यूझीलंड व फिलिपाइन्स येथें नव्या सभासदांकडून लिहिण्यासाठीं वर्षाला एक डॉलर घेण्याचा प्रयोग आरंभिला. वाचणें फुकटच होतें. हेतु यांत्रिक खोट्या खात्यांना आवर घालण्याचा होता, आणि तेवढ्यापुरता तो समंजसही म्हणावा. रागावलेल्या हाडामांसाच्या माणसाचा हिशेब मात्र वेगळा पडतो: एकदां डॉलर भरला कीं पुढें वर्षभर शिव्या फुकट.