घरची सिगरेट

निवृत्त शाळामास्तराने आकाशवाणीवर यावे आणि शुद्धलेखन, पाठांतर किंवा मुलांचे वळण ह्यांविषयी न बोलता तंबाखूविषयी बोलावे, हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. ती आठी योग्यच आहे. तथापि माझे भाषण संपेपर्यंत ती तशीच राहू द्यावी आणि माझे म्हणणे ऐकून घ्यावे, एवढी विनंती आहे. मी एकोणीस वर्षे बाजारची सिगरेट ओढली नाही. तंबाखूची अखंड पाने आणून, ती घरी चिरून, निरनिराळ्या जातींचे मिश्रण करून मी स्वतःच्या हाताने सिगरेट वळत असे. ह्या कामात मी बऱ्यापैकी तरबेज झालो होतो. त्या कामाची कृती आणि त्याचा हिशेब अशा दोन्ही गोष्टी आज मला आपल्यापुढे मांडावयाच्या आहेत; कारण कृती समजल्यावाचून हिशेब उमगणार नाही.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली आणि दक्षिणेत ती लवकर रुजली. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारातून परतला, तेव्हा त्याने बादशहाच्या भेटीसाठी तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी नेली. बादशहाने थोडे झुरके घेतले. वैद्याने मात्र हरकत घेतली. पुढे १६१७ साली जहांगिराने बंदीचा हुकूम काढला; पण तंबाखू थांबली नाही. म्हणजे शौकीन आणि वैद्य ह्यांच्यातील हा वाद चारशे वर्षांचा जुना आहे. त्या वादात मी बराच काळ शौकिनांच्या बाजूने होतो.

१९९८ साली मी कागल तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. तेथून निपाणी जवळच. त्या काळ्या रानांतील तंबाखू सीमेच्या दोन्ही बाजूंस पिकते. मला सिगरेटची सवय होती आणि पाकिटाचा खर्च पगाराला जड जात होता. एका शेतकरी पालकाने मला कुटण्यापूर्वीच्या तंबाखूची चार जुड्या पाने दिली. मी ती चुरून कागदात वळली आणि नेहमीप्रमाणे छातीभर झुरका घेतला. पुढची दहा मिनिटे मी खोकत होतो. डोके गरगरले, उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आले. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "गुरुजी, ही विडीची पानं हायत. हिचा धूर दमानं घ्यायचा असतोय." त्या दिवशी मला पहिला धडा मिळाला. तंबाखू ही एक वस्तू नाही. माती, मशागत आणि वाळवण ह्यांप्रमाणे तिचा स्वभाव पालटतो.

निपाणीकडील शेतकरी झाडाचा शेंडा खुडतो आणि बगलेतील फुटवे काढतो. निकोटिन हे द्रव्य मुळांत तयार होऊन पानांत चढते. फूल आणि बी धरू न दिल्याने झाडाचे सारे बळ पानांत साठते. वरची पाने जास्त कडक, तळची सौम्य. मग ती उन्हात वाळवतात. अशा पानाचा धूर घशाला बोचतो.

सिगरेटसाठी मुख्यतः जे पान लागते, ते व्हर्जिनिया जातीचे. त्याच्या पिवळ्या रंगाविषयी एक कथा सांगतात. १८३९ साली अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना प्रांतात स्टीफन नावाचा एक गुलाम तंबाखूच्या कोठाराखालील विस्तव राखत होता. त्याला झोप लागली आणि विस्तव विझत आला. घाबरून त्याने लोहारकामाचा कोळसा आणून घातला. एकाएकी कोरडी, प्रखर उष्णता वाढली आणि पाने तपकिरी होण्याऐवजी सोनेरी पिवळी झाली. आज हे काम बेताने करतात. बंद कोठारात पाने टांगून, नळ्यांतून उष्णता खेळवून, प्रथम सुमारे ३५ ते ४० अंश सेल्सिअसवर पाने पिवळी पडू देतात; त्या अवधीत पानातील पिष्टाची साखर होते. मग उष्णता क्रमाने सुमारे ७० अंशांपर्यंत नेऊन शिरेसकट पान वाळवतात. ह्याला पाचसात दिवस लागतात. पान लवकर मेल्यामुळे साखर आतच राहते, आणि धूर गोडसर व मऊ लागतो.

दुसरे पान बर्ली. पांढऱ्या बर्लीची जात १८६४ साली ओहायो प्रांतात प्रथम आढळली. हे पान सावलीत, वाऱ्यावर, कित्येक आठवडे टांगून वाळवतात. इतका वेळ पान हळूहळू श्वास घेत राहते आणि आपली साखर स्वतःच खाऊन टाकते. म्हणून बर्ली कोरडी आणि उग्र लागते. परंतु ती टीपकागदासारखी असते, तिला जो रस पाजावा तो ती शोषून घेते. तिसरे पान तुर्कस्तान आणि ग्रीसकडील; आकाराने लहान, उन्हात वाळवलेले आणि सुवासिक. १९१३ साली अमेरिकेत कॅमल नावाची सिगरेट निघाली. तिच्यात ह्या तिन्ही पानांचा मेळ घातलेला होता, आणि पुढे तोच नमुना जगभर गेला.

योगायोगाने त्याच वर्षी माझा एक जुना विद्यार्थी गुंटूरकडे नोकरीस लागला. तो मोठा गुणी आणि स्वतः पूर्ण निर्व्यसनी होता. सुटीत येताना तो गुरुदक्षिणा म्हणून तिकडील व्हर्जिनिया आणि बर्ली ह्यांच्या पाचसहा जुड्या आणी. तुर्की पान मला कधीच मिळाले नाही. त्याच्या जागी मी निपाणीचे पान चिमटीने वापरू लागलो.

आता कृती सांगतो. सुकलेले पान हात लावताच चुरते. म्हणून त्याला आधी मऊ आणावे लागते. चैत्रात ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवावे लागे. आषाढात नुसते दोरीवर टाकले तरी हवेतील दमटपणाने पान रेशमासारखे लवचिक होई. मग मधली शीर ओढून काढावयाची, कारण ती जळताना तडतडते आणि धुरास लाकडाचा वास येतो. पानांच्या दोन्ही फाका एकावर एक रचून घट्ट गुंडाळी करावयाची आणि विळीवर दोऱ्याएवढी बारीक चिरावयाची. घरच्या विळीला हात लावल्यावर मंडळी एवढेच म्हणाली, "अहो, उद्या भाजीला तोच वास येईल." दुसऱ्या दिवशी मी स्वतंत्र विळी आणली.

बर्ली चिरण्यापूर्वी तव्यावर मंद आचेवर फिरवीत असे. त्याने तिचा नवसागरासारखा उग्र दर्प उडून जातो. नंतर तिला गुळाचे आणि ज्येष्ठमधाचे पाणी शिंपडावयाचे. प्रमाणासाठी मी सोनाराचा जुना काटा विकत घेतला होता. एका वेळी १०० ग्रॅम मिश्रण करी. त्यात सुमारे १४० सिगरेटी होत. मिश्रण काचेच्या बरणीत दोन आठवडे मुरत ठेवावयाचे, म्हणजे पानांचे वास एकमेकांत मिसळतात. ओल फार राहिली तर बुरशी येते. एका श्रावणात माझी भरलेली बरणी अशीच फुकट गेली. ओल फार कमी झाली तर धूर तिखट होतो. मुठीत दाबलेली तंबाखू मूठ उघडताच सावकाश फुलावी, ही माझी परीक्षा.

प्रत्येक मिश्रणाची नोंद मी शाळेच्या जुन्या हजेरीपटात ठेवली होती. क्रमांक १, निव्वळ निपाणी, शेरा : असह्य. क्रमांक ६, व्हर्जिनिया आणि निपाणी निम्मेनिम्मे, शेरा : घसा धरतो. असे करता करता २००३ साली क्रमांक १७ साधला. व्हर्जिनिया ६५, बर्ली २५, निपाणी १०. शेरा : ठसका मुळीच नाही. त्या तीन शब्दांखाली मी तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या होत्या.

त्या दिवाळीत तो विद्यार्थी आला होता. ओट्यावर बसलो असता मी कौतुकाने त्याला क्रमांक १७ दाखवला. तो हसून म्हणाला, "गुरुजी, कॉलेजात एकदा ओढून पाहिली होती, खोकून खोकून जीव गेला. पुन्हा हात लावला नाही." मी म्हणालो, "ही तशी नव्हे. ही घरची आहे, निर्मळ पानाची." त्याने ती ओढली. ठसका लागला नाही. जाताना त्याने डबीभर मागून नेली. मास्तराच्या जन्मात विद्यार्थ्याने दिलेली पावती फार गोड लागते. मलाही ती लागली.

पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. माझा सकाळचा खोकला मी कफप्रकृतीच्या नावावर घातला. जोतिबाच्या पायऱ्या चढताना दम लागू लागला, तो मी वयाच्या नावावर घातला. २०१७ साली साठाव्या वर्षी डॉक्टरांनी मला एका नळीत जोराने फुंकर मारावयास सांगितले आणि कागदावरचा आकडा दाखवला. श्वासनलिका कायमच्या आकसल्या होत्या. मी म्हणालो, "डॉक्टर, मी बाजारची ओढत नाही, त्यात रसायने असतात. माझी शुद्ध पानाची आहे." त्यावर त्यांनी मला जे समजावले, ते मास्तराने मास्तराला शिकवावे तसे होते.

कोणतेही पान जळले की डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोग उत्पन्न करणारी बेन्झोपायरीनसारखी द्रव्ये तयार होतातच. आणखी काही विषारी द्रव्ये तर पान वाळताना, मुरताना त्याच्या अंगीच जमतात. त्यासाठी कारखाना लागत नाही. आणि त्या गोडीचे रहस्य असे, की पानातील साखर जळताना आम्ले होतात आणि धूर आम्लधर्मी होतो. अशा धुरातील निकोटिन तोंडात फारसे शोषले जात नाही आणि घशालाही टोचत नाही. म्हणून माणूस तो धूर बिनबोभाट छातीत खोल ओढतो. कडक पानाचा धूर अल्कधर्मी. तो घशाशीच अडतो, कारण शरीर त्याला आत येऊ देत नाही.

श्रोतेहो, निपाणीच्या त्या पहिल्या पानाने मला दहा मिनिटे जे खोकविले, तो माझ्या शरीराने दिलेला इशारा होता. नंतर पाच वर्षे काटा, विळी, गूळ आणि ज्येष्ठमध घेऊन मी तो इशारा पुसून टाकण्याची विद्या शिकलो. आणि तो पूर्ण पुसला गेला, त्या दिवशी तांबड्या शाईने दोन रेघा ओढल्या.

सिगरेट आणि फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा संबंध १९५० साली लंडनमध्ये डॉल आणि हिल ह्या दोघांनी दाखवून दिला. नंतर त्यांनी ब्रिटनमधील हजारो डॉक्टरांचीच नोंद १९५१ सालापासून ठेवण्यास आरंभ केला. तिचा पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. जन्मभर ओढणाऱ्याचे आयुष्य सरासरीने सुमारे १० वर्षांनी घटते. मात्र साठाव्या वर्षी सोडली तर त्यांतील सुमारे ३ वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडली तर ६, चाळिसाव्या वर्षी ९, आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ सगळीच. हे सरासरीचे गणित आहे, एकट्यादुकट्याचे भविष्य नव्हे. परंतु मी गणिताचा मास्तर आहे आणि सरासरीला मान देतो.

मी त्याच महिन्यात सोडली. पहिले पंधरा दिवस फार कठीण गेले; चिडचिड सोसण्याचे श्रेय घरच्या मंडळींचे आहे. सोनाराच्या काट्यावर आता गोड्या मसाल्याचे जिन्नस तोलले जातात. तो हजेरीपट मात्र मी ठेवला आहे. त्यात क्रमांक १७ पुढील शेरा खोडून मी त्याखाली त्या विद्यार्थ्याचे नाव लिहिले आहे.

कारण तो अजून ओढतो. घरची नव्हे, बाजारची, एके काळी दिवसाला वीस. मी त्याला पत्राने सर्व हकिकत कळविली आणि त्याची क्षमा मागितली. त्याचे उत्तर आले, "गुरुजी, तुम्हीच गिरवायला दिलेत, आता तुम्हीच पुसायला शिकवा." त्यावर उपाय म्हणून मी दर रविवारी सकाळी त्याला दूरध्वनी करतो आणि त्या आठवड्याचा आकडा विचारतो. तो खोटे बोलत नाही. विद्यार्थी असतानाही बोलत नसे. वीसाचे बारा झाले, बाराचे पाच झाले, एकदा परत नऊ झाले; मागील रविवारी तीन होते. तो आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे. माझ्या वाट्याला ३ वर्षे आली असतील. त्याची ६ अजून त्याच्या हाती आहेत, आणि ती त्याला परत मिळेपर्यंत माझी शाळा सुटली असे मी मानीत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी असा एखादा हौशी मिश्रणकार असेल, किंवा सौम्य म्हणून, सुवासिक म्हणून, घरची म्हणून कोणी तरुणापुढे काही करीत असेल, तर त्याला एवढेच सांगावे की पहिला ठसका हा आपला शत्रू नव्हे. त्याचे ऐकावे.