वचनापाशी थांबणे



रांजणगावच्या महागणपतीच्या या क्षेत्रात अथर्वशीर्षाची आवर्तने ज्यांच्या कानांवर बालपणापासून पडली आहेत आणि भीमा व घोड या नद्यांच्या काठच्या गावांतून ज्यांनी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला सप्ताहभर बैठक घातली आहे, अशा आपणांपुढे धर्मग्रंथ मुखाने उच्चारण्याचे माहात्म्य मी विशद करावे असे काही उरत नाही. मला बोलावयाचे आहे ते कॅथलिक ख्रिस्ती माणसाच्या नित्य उपासनेतील शास्त्रवाचनाविषयी आणि विशेषेकरून त्या वाचनात जाणूनबुजून थांबण्याविषयी.

बाराव्या शतकात फ्रान्समधील कार्थुसियन मठाचा प्रमुख दुसरा ग्विगो याने या उपासनेच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेने त्याची चव लाभते आणि ध्यान म्हणजे प्रत्यक्ष ती गोडी, असा त्याचाच दृष्टांत आहे. परंतु या पायऱ्या घड्याळ लावून चढावयाच्या नसतात. परमेश्वराला मेंढपाळ म्हणणारे तेविसावे स्तोत्र घ्या. शिरूरच्या माळावर धनगरांचे वाडे उतरलेले ज्याने पाहिले आहेत, लंगडे कोकरू खांद्यावर घेऊन चालणारा माणूस ज्याच्या ओळखीचा आहे, तो पहिल्याच ओळीपाशी अडेल, आपण कोणाच्या राखणीत आहोत हे स्वतःस विचारील आणि मग जे बोलावयाचे ते परमेश्वराशी बोलेल. पुढच्या ओळी त्या दिवशी वाचावयाच्या राहिल्या तर त्यात काडीमात्र न्यून नाही.

वचनापाशी थांबण्याचा हा संस्कार आपल्या भाषेत रुजविण्याचे श्रेय फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हे इंग्रज जेजुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले, तेथेच १६१९ साली वारले, आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे क्रिस्तपुराण, त्या काळी देवनागरीचे खिळे नसल्यामुळे, रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ बायबलचे भाषांतर नव्हे. ती बायबलातील कथेची मराठी पुराणपरंपरेने केलेली मांडणी आहे. पुराणश्रवणाला सरावलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना त्यांच्याच छंदात ऐकावयास काहीतरी द्यावे, हा त्यामागील कळवळा मला त्यांच्या भाषाप्रभुत्वाहूनही मोठा वाटतो. शिवाय स्टीफन्स हे संत इग्नाशियसने स्थापन केलेल्या जेजुइट संघाचे. शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांपुढे उभा करावा, तेथील माणसे पाहावी, त्यांचे बोलणे ऐकावे आणि आपणही त्या स्थळी हजर व्हावे, ही इग्नाशियसची ध्यानपद्धती. आणि संथपणे म्हटलेली ओवी प्रत्येक चरणाला जो विसावा देते, तो या पद्धतीला किती अनुकूल आहे हे कीर्तन ऐकणाऱ्यास सांगणे नको. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांविरुद्ध हुकूम काढला, तरी या ओव्या भाविकांच्या कंठातून सुटल्या नाहीत.

पुष्कळ पिढ्या सामान्य कॅथलिकाच्या घरी बायबलची पोथी नव्हती. चर्चच्या १५६४ च्या नियमाने देशी भाषेतील बायबल वाचण्यास धर्माधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागत असे, आणि या बंदोबस्ताने श्रद्धावंतांचे नुकसान झाले असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात शास्त्र घरात नांदविले ते रोझरीने: मणी बोटांखालून सरत असताना येशूच्या जन्माचे, यातनांचे आणि पुनरुत्थानाचे प्रसंग मनात धरावयाचे, हेच तिचे मर्म. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी दैवी प्रकटीकरणाविषयीचा दस्तऐवज मंजूर करून सर्व श्रद्धावंतांना शास्त्रवाचनाचा, आणि वाचनासोबत प्रार्थनेचा, आग्रहपूर्वक उपदेश केला. त्यानंतर मिस्सातील, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीतील, पाठांची नवी मांडणी झाली. रविवारचे पाठ तीन वर्षांच्या आवर्तनाने येतात आणि आठवड्याच्या इतर दिवशीही शुभवर्तमानाचा उतारा नेमलेला असतो. मराठीत वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध करून वाचकांचा मार्ग सुकर केला.

आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या वसईच्या कॅथलिक कामगाराने काय करावे? त्याला रोजची मिस्सा साधणार नाही. परंतु नेमलेला उतारा त्याला ठाऊक असू शकतो. निजण्यापूर्वी क्षणभर पुढच्या ध्यानाचा विषय मनात आणावा, असे इग्नाशियसने सांगून ठेवले आहे, आणि ज्याची रात्र सकाळी आठ वाजता सुरू होते त्यालाही ते लागू आहे. खोलीवर येऊन त्याने उतारा एकदा हलक्या आवाजात वाचावा, दुसऱ्यांदा वाचताना जो शब्द धरून ठेवील तेथे थांबावे, आणि झोप आली तर तो शब्द घेऊनच झोपावे. त्याच दिवशी वसईत त्याची आई तोच उतारा मिस्सात ऐकत असते.