तोरण्याचं धन आणि गेममधली लूट



वेल्हे तोरण्याच्या पायथ्याशी वसलेलं. 1646च्या सुमारास हा गड शिवरायांकडे आला, डागडुजी करताना तिथे धन सापडलं आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला लागलं, ही बखरींतली हकीकत इथल्या शाळकरी पोरांना पाठ असते. आता हीच पोरं मोबाइलवर राक्षस मारतात आणि राक्षस पडला की तलवार, चिलखत, अंगठी असं काहीबाही गोळा करतात. त्याला ती लूटच म्हणतात. कोणाला कोणती लूट मिळावी, हे ठरवणं म्हणजे गेम बनवणाऱ्यांची मोठी डोकेदुखी. आज त्याविषयी.

या प्रकारात ‘डायब्लो’ हे मोठं नाव. त्याचा तिसरा भाग 2012च्या मे महिन्यात आला. लूट जवळपास फाशांवर सोडलेली. आडदांड योद्धा घेऊन खेळणाऱ्याला जादूगाराच्या कामाची, बुद्धी वाढवणारी वस्तू मिळायची आणि ती लिलावात जायची. गेममध्येच लिलावघर होतं, तिथे खरे पैसेही चालत. मग लोकांच्या लक्षात आलं की राक्षस मारत बसण्यापेक्षा बाजारात जाऊन हवी ती वस्तू घेणं सोपं. लढायचं कशासाठी, हाच प्रश्न उरला. अखेर 18 मार्च 2014 रोजी लिलावघर बंद झालं. त्याच्या थोडं आधी नवी पद्धत आली होती: तुम्ही योद्धा असाल तर बहुतेक वेळा योद्ध्याच्याच कामाची वस्तू मिळेल.

लोक खूश झाले. मला मात्र यात एक गोची दिसते. आज तुमच्या अंगावर काय आहे ते यंत्राला दिसतं. उद्या तुम्हाला काय व्हायचंय, ते कसं दिसणार? कुऱ्हाडवाल्याला कुऱ्हाडीच देत गेलात, तर एखादं विचित्र धनुष्य हाती पडून ‘अरे, असंही खेळता येईल की!’ असं त्याला वाटायची वेळच येत नाही. शिवाय नेमकं हवं तेच लवकर मिळालं की आठवड्याभरात अंगावरचं सगळं पुरं होतं आणि गेम बाजूला पडतो. उलट, फासे कायम उलटे पडले तरी माणूस वैतागून उठतो. म्हणून काही गेममध्ये छुपी सोय असते: जितका वेळ रिकाम्या हातानं जाल, तितकी पुढच्या वेळी चांगली वस्तू मिळण्याची शक्यता वाढत जाते. ही सोय खेळाडूला कळली की तो राक्षस मोजायला लागतो, आणि गंमत संपते.

तोरण्यावर घडीव तलवार सापडली असती तर ती एका कमरेला लागली असती. सापडलं द्रव्य, म्हणून त्याचा किल्ला होऊ शकला. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’नं 2013 साली साधारण हाच रस्ता धरला. तिथे व्यवहाराचं चलन म्हणजे वस्तूंचे गुण बदलणारे गोळे. तो गोळा आपल्या चिलखतावर खर्चायचा की त्याच्या बदल्यात दुसऱ्याकडून काही घ्यायचं, हे तुम्ही ठरवा. बाकी लूट इतकी सांडते की नको ते डोळ्यांआड करणारी चाळणी खेळाडू स्वतःच लावतात. हा मार्ग मला जास्त प्रामाणिक वाटतो; नवख्याची मात्र पहिले काही दिवस दमछाक होते.

राहता राहिला वाटणीचा प्रश्न. 2000 सालच्या ‘डायब्लो’च्या दुसऱ्या भागात लूट सगळ्यांसमोर पडायची आणि ज्याचं बोट चपळ त्याची व्हायची. दोस्तांची भांडणं व्हायची. शिवरायांच्या फौजेत असा मामला नव्हता. सभासद बखरीत लिहिलंय, की मुलूखगिरीवर निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची नोंद व्हायची, परतल्यावर झडती व्हायची आणि जास्तीचं सापडलं तर ते पगारात वळतं व्हायचं. 1664ची सुरतेची लूटही राजगडावर सरकारात जमा झाली. गेमवाल्यांनी तिसऱ्या भागात वेगळा तोडगा काढला. प्रत्येकाला आपापलीच लूट दिसणार, दुसऱ्याची दिसणारच नाही. भांडण मिटलं. लिलावघर गेल्यावर सर्वांत भारी वस्तू तर मिळवणाऱ्याच्याच नावावर बांधल्या गेल्या. फक्त एक फट ठेवली: तुमच्यासोबत त्या वेळी जे लढत होते, त्यांना दोन तासांच्या आत ती वस्तू देता येते. ‘घे रे, तुझ्या कामाची आहे’ म्हणायला तेवढा वेळ पुरतो.