पडद्यावरचे घड्याळ आणि माणसाचा एकांत
(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात जे घड्याळ अहोरात्र चालू असते त्याचे रूप आपल्या सोयीप्रमाणे कसे ठेवावे, आणि ते तसे ठेवताना आपल्या खासगी आयुष्याची राखण कशी करावी, हा आजच्या पुष्पाचा विषय आहे. विषय आकाराने लहान आहे हे खरे; परंतु वेळ पाहणे ही माणसाची स्वतःची गरज असते आणि वेळ सांगणे हा दुसऱ्याशी केलेला व्यवहार असतो, आणि या दोन भिन्न गोष्टी यंत्राने आपल्याला न विचारता एक करून टाकल्या तर त्याचे परिणाम काय होतात, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही; म्हणूनच तो येथे सविस्तर करावा असे मला वाटते.

घड्याळाने कोणती वेळ दाखवावी हा प्रश्न मुंबईकरांना नवा नाही. १९०६ साली सरकारने हिंदुस्थानासाठी प्रमाणवेळ लागू केली, तरी प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्थानिक वेळ मुंबईने सहजासहजी सोडली नाही; रेल्वेचा कारभार एका वेळेने आणि शहरातील पुष्कळसे व्यवहार दुसऱ्या वेळेने, अशी दुहेरी वहिवाट स्वातंत्र्यानंतरही, १९५५ पर्यंत, टिकून होती. घड्याळाच्या तबकडीवर कोणाचा तरी अंमल चालतो आणि तो कोणाचा असावा हे नागरिकांनी विचारायचे असते, एवढे त्या प्रदीर्घ वादातून घेण्यासारखे आहे.

आता संगणकाच्या अंतरंगाकडे वळू. तेथे तासही नसतात आणि तारीखही नसते. युनिक्स परंपरेतील यंत्रणा १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून, यूटीसी या नावाने परिचित असलेल्या जागतिक वेळेनुसार लोटलेले सेकंद तेवढे मोजत राहते. पडद्यावर ‘सायंकाळचे साडेसहा’ असे जे उमटते, ते या मोजणीला कालविभागाचा नियम लावून सिद्ध केलेले रूप असते. हे नियम एका सामाईक जागतिक दप्तरात नोंदलेले असून भारताची नोंद तेथे ‘एशिया/कोलकाता’ अशी आहे. तात्पर्य, मोजणी ही एक गोष्ट आणि तिची मांडणी ही दुसरी. आणि मांडणी प्रत्येक कार्यक्रमापुरती निराळी ठेवण्याची मुभा या यंत्रणेत मुळापासून आहे.

व्यवहारात मात्र ही मुभा क्वचितच वापरली जाते. संगणकाला आपण एकदा भारताचा कालविभाग सांगितला की ती माहिती घड्याळापुरती राहत नाही: ब्राउझर ती कोणत्याही संकेतस्थळाला विचारताक्षणी देतो, पुष्कळ ईमेलांच्या शीर्षभागात ‘अधिक साडेपाच तास’ असा शेरा पडतो, आणि संगणकलेखनाचा हिशेब ठेवणाऱ्या गिट या साधनात प्रत्येक बदलाच्या नोंदीशेजारी तोच शेरा कायमचा राहतो. हे साडेपाच तासांचे अंतर जगात भारत आणि श्रीलंका या दोनच देशांची प्रमाणवेळ दर्शविते. म्हणजे आपले नाव-गाव लपविण्यासाठी ज्याने बाकी सर्व तजवीज केली, त्याचा देश त्याच्या घड्याळाने परस्पर जाहीर केलेला असतो. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,७०,१६१ ब्राउझरांपैकी ८३.६ टक्क्यांची लक्षणे दुसऱ्या कोणाशीही जुळली नाहीत. आणि कालविभाग हे तपासलेल्या लक्षणांपैकी एक होते.

या शेऱ्याची साक्ष किती बारकाईने वाचली जाते, याचे ताजे उदाहरण २०२४ सालचे आहे. एक्सझेड नावाच्या, जगभर वापरात असलेल्या साधनात कोणी टोपणनावाने काम करणाऱ्याने चोरवाट पेरल्याचे त्या वर्षी उघडकीस आले, तेव्हा तपासणाऱ्यांनी त्याच्या गिटमधील नोंदी काढल्या. बहुतेकांवर आठ तासांच्या अंतराचा शेरा होता, परंतु मोजक्या नोंदींवर दोन आणि तीन तासांचा आढळला, आणि ही व्यक्ती भासविते त्या प्रदेशातील नसावी असा तर्क निघाला. तो तर्क खरा की खोटा हा भाग निराळा. येथे तपास दुष्कृत्याचा होता. परंतु जे भिंग दुष्कृत्य शोधते तेच भिंग भ्रष्टाचाराचे कागद उघड करणाऱ्या कारकुनावर, वार्ताहरावर, किंवा छळाला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रीवरही रोखता येते, हे विसरून चालणार नाही.

या प्रश्नाचे मला सर्वांत समंजस वाटणारे उत्तर टेल्स या संगणकप्रणालीने दिले आहे. टेल्स ही डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीवर आधारलेली, बाहेरचा सारा व्यवहार टॉर या ओळख झाकणाऱ्या जाळ्यातून करणारी प्रणाली. तिच्या प्रत्येक प्रतीचा कालविभाग, वापरणारा पुण्यात असो की पेरू देशात, यूटीसी हाच असतो, आणि त्यामुळे वेळेच्या बाबतीत सारे वापरणारे एकमेकांसारखे दिसतात. परंतु केवळ एवढ्याने भागत नाही. भारतात रात्री बारापासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीखसुद्धा आदल्या दिवसाची असते. असे घड्याळ समोर ठेवून काम करणारा मनुष्य त्रासून एक दिवस सारी यंत्रणाच भारतीय वेळेवर नेऊन ठेवील, आणि जी ओळख झाकायची ती आपल्याच हाताने उघडी करील. हे ओळखून टेल्सने वरच्या पट्टीवरील घड्याळापुरता कालविभाग निवडण्याची सोय दिली: डोळ्यांना दिसणारी वेळ आपल्या गावची, आणि आतील यंत्रणेची वेळ पूर्ववत यूटीसी. माणसाच्या सोयीचा विचार न करणारी सुरक्षा कागदावर कितीही अभेद्य असली तरी नांदत्या घरात टिकत नाही, हे तत्त्व या लहानशा सुधारणेत फार स्वच्छपणे दिसते.

सामान्य गृहस्थाला टेल्सची गरज नाही, पण त्यातील विवेक मात्र घेता येण्याजोगा आहे. आपले स्थान शोधून कालविभाग आपोआप ठरविण्याची जी सोय संगणकात असते ती आपण बंद करावी, कारण साऱ्या भारताची प्रमाणवेळ एकच असल्याने देशात राहणाऱ्याला तिचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. परदेशी असलेल्या लेकीच्या किंवा नातवाच्या शहराचे जादा घड्याळ ठेवण्याची सोय विंडोजमध्ये आणि लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत आहे, आणि ती अवश्य वापरावी. परंतु त्या घड्याळाला व्यक्तीचे नाव देऊ नये, कारण सभेत पडदा सर्वांना दाखविताना ते नाव आणि घड्याळाखाली उघडणारी दिनदर्शिकेतील खासगी टिपणेही दिसू शकतात. पडद्याचे छायाचित्र कोणास धाडण्यापूर्वी घड्याळाची पट्टी कापून टाकावी. फायरफॉक्समध्ये संकेतस्थळांना यूटीसीच सांगण्याची तरतूद आहे आणि टॉर ब्राउझर ती आपणहून पाळतो. ज्यांना एकांताची खरी निकड आहे त्यांनी तिचा आश्रय घ्यावा.

मात्र घड्याळ मुद्दाम चुकीचे लावणे हा उपाय नव्हे. संकेतस्थळांच्या सुरक्षापत्रांची मुदत, दर ३० सेकंदांनी बदलणारे प्रवेशांक, आणि टॉरशी जोडणी, हे सारे अचूक वेळेवर अवलंबून असते. शिवाय तबकडी कितीही सुज्ञपणे सजविली तरी सर्व वाटा बुजत नाहीत. डेव्हिड मिल्स यांनी १९८५ साली मांडलेल्या एनटीपी पद्धतीने संगणक वेळ विचारतो तेव्हा आपला इंटरनेटवरील पत्ताही सांगतो. २०१६ साली शोडान या शोधसेवेने वेळ पुरविणारे संगणक उभारून असे पत्ते गोळा केल्याचे आढळले होते. कोहनो, ब्रॉइडो आणि क्लॅफी यांनी तर २००५ साली असे दाखवून दिले की प्रत्येक संगणकातील घड्याळाच्या स्फटिकाची चाल किंचित निराळी असते आणि तेवढ्या फरकावरूनही तो दुरून ओळखता येतो.

या मर्यादा मान्य करूनही मी आग्रहाने सांगेन की जेवढे आपल्या हाती आहे तेवढे तरी आपण हाती घ्यावे. प्रणाली रचणाऱ्यांना माझी विनंती अशी की वापरणाऱ्याला दिसणारी वेळ आणि जगाला सांगितली जाणारी वेळ यांची फारकत त्यांनी साध्या संगणकातही करून द्यावी. आणि आपणा श्रोत्यांना विनंती अशी की घरी गेल्यावर आपल्या संगणकाच्या घड्याळाच्या मांडणीचे पान एकदा उघडावे, तेथील प्रत्येक परवानगी शांतपणे वाचावी, आणि जी आपण समजून-उमजून दिलेली नाही ती काढून घ्यावी.